परक्या पंगतीचं आवतण

आमच्या कंपनीत भोंगे दोन होते. एक छपरावर बसवलेला, तो पाळी भरली आणि सुटली की वाजायचा. दुसरा कॅन्टीनच्या खिडकीत उभा असायचा आणि त्याच्या वाजण्याला काही धरबंध नव्हता. "कोण रे तो घरनं डबा घेऊन आला? इथं काय माती शिजवतो काय मी?" हा आवाज दोन शेड ओलांडून आमच्या वाइंडिंग खात्यापर्यंत यायचा. मग ज्याने डबा आणला असेल तो बिचारा बायकोने दिलेल्या पोळ्या मशीनमागे उभ्याउभ्याच संपवायचा.

सातपूरची ती पाण्याच्या मोटारी बनवणारी कंपनी. मी तिथे कॉइली गुंडाळायची आणि हे गृहस्थ कॅन्टीन बघायचे. मूळचे सिन्नरकडचे. उंच, काटक, खांद्यावर पंचा. स्वयंपाक करणाऱ्याला पोट असतं असा जगाचा समज आहे, यांना ते नावालाही नव्हतं. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे फौजदार. होते कंपनीचे पगारी नोकरच, पण वागणं असं की सगळी कंपनी जणू यांच्या घरच्या कार्याला जमली आहे. वाढप्याच्या हातातला डाव हिसकावून घ्यायचे, "असं वाढतेत व्हय? भीक घालतो काय तू?" म्हणायचे आणि स्वतः वाढायला लागायचे.

आपण मात्र सगळ्यात शेवटी जेवणार. एकदा आमच्या खात्यातली भट्टी बिघडली आणि दोन फिटर दुपार टळून गेली तरी हलू शकले नाहीत. काका खिडकीत तसेच उभे. कोणीतरी म्हणालं, काका, तुम्ही तरी घ्या दोन घास. त्यावर ते इतके संतापले की विचारणाराच जेवला नसेल अशी शंका यावी. "घरधनी आधी जेवला तर पाव्हण्यानं काय उष्टं खायचं?" भात पार गार झाला होता. फिटर आले, जेवले, मग यांनी उरलेलं वरण भातावर ओतलं आणि भिंतीकडे तोंड करून खाल्लं.

त्यांना थोडा स्वयंपाक करता येत नसे, ही त्यांची दुसरी तऱ्हा. बायको होती तेव्हा तिने म्हणे कपाळ बडवून घेतलं होतं. घरात माणसं दोन आणि हा बाबा मेथीच्या टोपलीभर जुड्या घेऊन यायचा, सगळ्या निवडायचा, सगळ्या शिजवायचा आणि मग पातेलं घेऊन आळीत फिरायचा. ती वारल्यावर त्यांनी घरची चूल बंदच केली. जे काय जेवायचं ते कंपनीत, सगळ्यांच्या मागून. म्हणजे कंपनी हे त्यांचं घरही होतं आणि कुटुंबही. ही गोष्ट आमच्या लक्षात आली तेव्हा कंपनीला टाळं लागलेलं होतं.

नव्वदच्या दशकाचा तो शेवट. सातपूर-अंबडला एकामागून एक कंपन्या बंद पडत होत्या. आमच्या फाटकावर नोटीस लागली तेव्हा युनियनचे पुढारी म्हणाले, महिनाभरात उघडते. माणसं रोज फाटकापाशी जाऊन बसायची. मग एक दिवसाआड. मग नाक्यावर उभं राहून मिळेल ते काम बघायला लागली.

आमच्या घरी आई आणि मी. वडिलांचं नांदगावला कापडाचं लहानसं दुकान होतं, ते गेले तसं दुकानही गेलं, आणि माझ्या नोकरीच्या आधाराने आम्ही दोघी पंचवटीत एका खोलीत राहत होतो. आई स्वभावाने ताठ. बोलावल्याशिवाय देवळातल्या प्रसादालाही जायचं नाही, असा तिचा कायदा होता. शेजारणीने वाटीभर आमटी आणून दिली तर दुसऱ्या दिवशी ती वाटी भरूनच परत जायची. भरायला काही नसेल तर आई ती आमटी घ्यायचीच नाही. "आपलं झालं आत्ताच," म्हणायची, आणि इतक्या गोड आवाजात की समोरच्या बाईला खरंच वाटायचं.

डबे रिकामे व्हायला लागले तशी आई उपवास धरायला लागली. आधी सोमवार. मग गुरुवार, मग संकष्टी, मग आणखी कुठली तरी अष्टमी. पुढे पुढे तिच्या पंचांगात उपवास नसलेला वारच उरला नाही. माझ्या पानात वाढायची आणि आपण पाणी पिऊन "देवाचं आहे गं" म्हणायची. मी भांडले, रडले, माझं पान तिच्यापुढे ढकललं. तिने ते झाकून ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा मलाच वाढलं. एका सकाळी ती नळावर हंड्यासकट खाली बसली ती उठेचना. शेजारणींनी धरून आणली. त्या दिवशी मला स्वच्छ कळलं, माझी आई उपाशी राहून मरणार आहे आणि मरेपर्यंत सगळ्यांना सांगणार आहे की तिचं जेवण झालंय.

तिकडे काका त्यांच्या लुनावरून शहर पालथं घालत होते. पेट्रोलला पैसे नसले की पायडल मारत. उंच माणूस, गुडघे हँडलला लागतायत, पंचा वाऱ्यावर, असं ते ध्यान रस्त्याने जाताना पोरं हसायची. त्यांनी शोधून काढलं होतं की एवढ्या मोठ्या नाशकात रोज कुठे ना कुठे फुकट पान वाढलेलं असतं. रामकुंडाजवळ यात्रेकरूंसाठी अन्नछत्र, गुरुद्वारात लंगर, जुन्या नाशकात दर्ग्यावर गुरुवारी काहीतरी, तपोवनात एका मठात पौर्णिमेला, शिवाय कुणाचा ना कुणाचा भंडारा. फाटकापाशी उभं राहून त्यांनी हे सगळं त्या भोंग्याच्या आवाजात सांगितलं. माणसांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या. गेलं कोणीच नाही.

मग ते घरोघर फिरले. "जेवला का?" "हो काका, आत्ताच झालं." जिथे जातील तिथे हेच. आमच्याही दारात आले. आईने गोड आवाजात तेच सांगितलं. काकांनी आतल्या थंड स्टोव्हकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि निघून गेले. आपली माणसं अशीच. पोटात कावळे ओरडत असले तरी न बोलावता पानावर बसणार नाहीत, आणि याची कुणाला लाज नाही, उलट अभिमान आहे. मला त्या वेळी त्या अभिमानाचा इतका संताप यायचा की सांगता सोय नाही.

चार-पाच दिवसांनी काका पुन्हा आले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, कपाळाला गंध. हातात वाटी आणि वाटीत कुंकू लावलेले तांदूळ. लग्नाचं आवतण द्यायला यावं तसे दारात उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"माई, उद्या आमच्याकडं जेवायचं. दोघींनी यायचं."

"अगंबाई, काय निमित्त?" आई पदर सावरत पुढे आली.

"हाय एक कार्य. रामकुंडापाशी. घरात जागा नाय ना येवढी. बारा वाजता या, पंगत खोळंबाया नको."

आईने दोन्ही हातांची ओंजळ केली. काकांनी त्या ओंजळीत अक्षता ठेवल्या. अक्षता घेतल्या म्हणजे जाणं आलं. मला सगळं समजलं होतं. रामकुंडापाशी म्हणजे ते अन्नछत्र. आईच्या पोटात अन्न जाणार होतं, मला खऱ्याची काही घाई नव्हती.

अशी आवतणं त्यांनी सगळ्या खात्यांतल्या माणसांच्या घरी वाटली. जुन्या नाशकात राहणाऱ्या आमच्या एका टर्नरच्या अम्मींनी हातातले तांदूळ बघून विचारलं म्हणे, "भाईजान, इनका क्या करना है?" काका म्हणाले, "कुछ नय. कल दोपहर को आनेका, बस."

दुसऱ्या दिवशी जे झालं ते आठवलं की मला आजही आधी हसू येतं. काकांच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. आवतण दिलं की माणसं आवतणाला जातात तशीच जाणार! अन्नछत्राच्या दारात आमची ही मंडळी उभी राहिली ती इस्त्रीचे कपडे घालून. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पोरांच्या तोंडाला पावडर. कोणी पेढ्यांचा पुडा आणलेला, कोणी हार. आईने ट्रंकेतली जरीकाठी नेसली होती आणि हातात नारळ. तो तिने सकाळी वाण्याकडून कसा आणला ते मी विचारलं नाही. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, हाही तिच्या कायद्यातलाच एक भाग.

आत लांब पंगत बसायची होती. यात्रेकरू, बैरागी, पेठ तालुक्याकडून मजुरीला आलेल्या बायका लेकरं घेऊन बसलेल्या. अन्नछत्राचे व्यवस्थापक दारात आले, आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाले, "हे वऱ्हाड कुणाचं? मंगल कार्यालय पलीकडच्या गल्लीत आहे."

आई पुढे झाली. "आम्हाला आमंत्रण आहे. यजमानीण कुठं आहेत?"

"बाई, इथे कोण यजमानीण असणार? हे सदावर्त आहे. गोरगरिबांसाठी."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं रिकामं झालं. तिने एकदा त्या पंगतीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या जरीच्या काठाकडे. मग वळली. मी तिचा दंड धरला. हाताला नुसतं हाड लागलं. मागे सगळी माणसं खाली मान घालून उभी, पेढ्यांचा पुडा कोणीतरी पाठीमागे लपवलेला. मला वाटलं, संपलं. आता ही परत कधी कुणाकडे जेवणार नाही.

तेवढ्यात काका आतून आले. ते सकाळपासून तिथेच होते, पंचा कमरेला बांधलेला, कोपरापर्यंत राख. आता हे व्यवस्थापकांवर तुटून पडणार अशी आमची खात्री होती. ते तुटून पडले नाहीत. त्यांनी राखेचे हात जोडले.

"साहेब, ही माझी माणसं हायेत. मी बोलिवलंय त्यान्ला. तुम्ही नुसतं वाढा. सगळी भांडी मी घासतो, आज बी आन् रोज बी."

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. ते राखेचे हात बघून म्हणाला, "बसू द्या."

कोणी बसेना. सगळे आईकडे बघत होते, कारण तीच पुढे होती. आई चालत गेली ती पंगतीकडे नाही, मागच्या नळाकडे. तिथे काका मोठं पातेलं उताणं करून बसलेले. तिने नारळ त्यांच्यापुढे धरला.

"यजमान तुम्हीच ना? मग हा घ्या."

काकांनी हात पंचाला पुसले आणि नारळ घेतला. आई येऊन पंगतीत बसली. पेठकडची एक बाई सरकून म्हणाली, "ये बाई, हाय जागा." आई मांडी घालून, पाठ ताठ ठेवून जेवली. वाढप्याने दुसऱ्यांदा भात आणला तेव्हा तिने नको म्हटलं नाही. मी माझ्या पानात बघून रडत होते, आणि तिखटाचं निमित्त सांगायलाही मला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष हे असंच चाललं. दर आठवड्याला वाटी घेऊन काका दारात. कुठे भांडी घासायचे, कुठे पाणी भरायचे, गुरुद्वारात तव्यापुढे बसायचे. गुरुद्वारावर त्यांचा थोडा रागच होता, कारण तिथे कोणी कुणाला काही विचारतच नाही, मग आवतण द्यायचं तरी कशाला! युनियनचा एक पुढारी एकदा कुत्सितपणे म्हणाला, "काका, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं बरं जमतं तुम्हाला." काका म्हणाले, "म्या तुळशीपत्र तरी ठिवलं. तू काय ठिवलं ते सांग." आपण मात्र तिथेही शेवटीच जेवायचे, आणि फुकटच्या अन्नात शेवटी बहुतेक वेळा काही उरत नाही. आम्ही विचारलं तर चिडायचे. पुढे आम्ही विचारायचं सोडलं.

कंपनी उघडली नाही. यंत्रं विकली गेली, माणसं पांगली. कोणी पुण्याला गेलं, कोणी भाजीची गाडी लावली. मी आधी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये हंगामी लागले, पुढे तिथेच ऑफिसात कायम झाले. आईचे उपवास आपोआप सुटले. सगळ्यांचं बरं चाललं तशी एक गोष्ट मी पाहिली आणि ती मला अजून सहन होत नाही. काका रस्त्यात दिसले की आमची माणसं रस्ता ओलांडायची. ज्याने आपली भूक पाहिली तो माणूस नकोसा होतो, दुसरं काय. काकांना ते कळत नव्हतं अशातला भाग नाही. ते लुना सावकाश चालवायचे आणि समोरच्याला पलीकडे जायला वेळ द्यायचे.

सिंहस्थ आला. तपोवनात साधूंचे तंबू पडले आणि नाशकात कधी नव्हतं एवढं अन्न शिजायला लागलं. शिरा, पुरी, बुंदी, कढी, येईल त्याला आग्रह करकरून. त्या गर्दीत मला काका भेटले. सदरा अंगावर लोंबत होता. मी म्हटलं, "काका, आता तर काय, सगळं शहरच तुमचं कॅन्टीन झालंय!"

ते हसले. आवाज पार बसलेला. "दात हायेत तर चणे नाय, चणे हायेत तर दात नाय, तशी गत झाली पोरी. नळीत गाठ हाय म्हनत्यात. पानी जातं थोडं. घास नाय जात."

दिवाळीच्या आत ते गेले. ते मी आधीच सांगून टाकते, कारण मला त्याबद्दल लिहायचं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तिने वाटीत अक्षता घेतल्या आणि काकांच्या घरी जायला सातपूरच्या बसला निघाली. मी आडवी गेले. "अगं आई, त्यांना घास गिळवत नाही. जेवायला कशाला बोलावतेस? जखमेवर मीठ?"

"तो मला बोलवायला आला तेव्हा त्याच्याकडं काय होतं?" एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

रविवारी दुपारी काका आले. इस्त्री केलेला पांढरा सदरा. आईने पाट मांडला होता, पुढे केळीचं पान, भोवती रांगोळी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मेथीची भाजी, वरण-भात, त्यावर तूप, पुरणपोळी. तिने एकेक जिन्नस जागच्या जागी वाढला, जसा धडधाकट माणसाला वाढतात. काका म्हणाले, "मला हे आवतण कुनी दिलंच नव्हतं कधी." मग पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि भाताचं एक शीत तोंडात घातलं. ते शीत किती वेळ तोंडात होतं! डोळ्यांत पाणी आलं, मान ताणली गेली, पण हात पानावरून हलला नाही.

नंतर त्यांनी काही खाल्लं नाही. वास घेत होते. "मेथीला लसूण बराबर पडला. वरणात हिंग जरा कमी हाय, माई." आई "हो का," म्हणाली. आमच्या घरी जेवायला बसलेला पाहुणा आईच्या आग्रहाला घाबरतो. पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणारी बाई ती. त्या दिवशी तिने एका पळीचाही आग्रह केला नाही. पंख्याने नुसता वारा घालत बसली. साधारण माणसाला जेवायला जितका वेळ लागतो तितका वेळ काका पानावर बसले आणि मग हात धुवायला उठले.

ते मोरीवरून परत आले तेव्हा आई त्यांच्या पाटावर बसली होती. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीही न पिणारी माझी आई. तिने तेच पान पुढे ओढलं होतं आणि भात कालवला होता.

"माई, उष्टं हाय ते," काका घाबरून म्हणाले.

"गप बसा. आज घर माझं आहे."

काका काही वेळ पंचाने हात पुसत उभे राहिले. मग खाली बसले, तिच्या समोर. ती जेवत होती ते बघत राहिले. पानातला भात संपत आला तसा त्यांचा हात आपोआप पातेल्याकडे गेला, डाव उचलला. "घ्या माई, थोडा भात घ्या. आन् वरण. आवो, घ्या वो." त्या बसलेल्या आवाजात जुना भोंगा कुठेतरी खरखरला. आईने नको म्हटलं नाही. ते वाढत गेले आणि ती खात गेली. तिचं पोट केव्हाच भरलं होतं, मला दिसत होतं. पण तसं तिला सांगता येईना, कारण सांगितलं असतं तर ते वाढायचे थांबले असते.